चौथ्या तुकड्यातली दहा मिनिटं

श्रीलक्ष्मीअक्का, दिवा बारीक करू नका, असू द्या तसाच. आणि दाराला कडी घातलीत का? घाला. मग सांगते.

तीस वर्षं आपली घरं एका कुंपणाला लागून आहेत. माझा स्वभाव तुम्हाला मी सांगायला नको. दूध चांगलं असलं तरी मी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघते. कॉलेजात बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि कुणी कुणाच्या वहीतून उतरवलंय हे मला पहिल्या पानावर कळायचं. आमचे हे, सुधींद्र, सगळ्यांसमोर म्हणायचे, 'श्यामला पोलिसात असती तर धारवाडात कुलपं विकली गेली नसती.' मीही हसायची. आज त्या स्वभावाचंच मला भय वाटतंय.

झालं ते असं. नोव्हेंबरात विद्यापीठाकडून एक प्रबंध तपासायला आला. मुलीचं नाव वेदश्री, कलघटगीच्या एका मास्तरांची मुलगी. विषय माझ्या आवडीचा. अळणावरच्या पुढे सागाची मोठी लागवड आहे ना, मैलोन् मैल सरळ रांगा? त्या लागवडीच्या पोटात जुन्या रानाचे सहा तुकडे तोडायचे राहून गेलेत. त्या तुकड्यांत अजून कोणते पक्षी टिकून आहेत, हे तिनं पाच वर्षं मोजलं होतं. मोजायची पद्धत साधी आहे. पहाटे ठरल्या जागी जाऊन दहा मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं. कोणता पक्षी दिसला किंवा ऐकू आला, कितव्या मिनिटाला, किती मीटरवर, ते तक्त्यात लिहायचं.

पोरीचं काम नेटकं होतं. कुठल्याशा कॉलेजात तिची नोकरी ठरली होती, पण डिसेंबरअखेर डिग्री हातात हवी होती. म्हणजे माझ्या एका सहीवर तिचं सगळं अडलेलं. मी कौतुकानं वाचत वाचत चौथ्या तुकड्यापाशी आले आणि माझा हात थांबला.

पहिलं मिनिट, बुलबुल, वीस मीटर. तिसरं मिनिट, तांबट, पंधरा मीटर. सहावं, हळद्या. आठवं, रानकोंबडा. नववं मिनिट, पावशा, चाळीस मीटर. सगळ्यांपुढे 'फक्त आवाज'. आणि तारीख डिसेंबरची.

अक्का, पावशा डिसेंबरात ओरडत नाही. 'पेरते व्हा' ही त्याची हाक उन्हाळा तापला की सुरू होते. थंडीत तो गप्प असतो. मला मात्र त्या चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं घाम फुटला. तो तक्ता मला पाठ होता. तीच नावं, तोच क्रम, तेच आकडे. कारण तो तक्ता मी लिहिला होता, सदतीस वर्षांपूर्वी. आणि तो खोटा होता.

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. अशाच मोजणीसाठी अळणावरला आठ दिवस राहिले होते. बरोबर वाट दाखवायला गोपाळ नावाचा तिथलाच एक माणूस होता. पाच तुकडे इमानानं मोजले. चौथा सगळ्यांत लांब, म्हणून शेवटच्या दिवशी ठेवला. आणि आदल्या संध्याकाळी वडिलांचा निरोप आला, उद्या सकाळी अकराला मंडळी बघायला येताहेत, पहिल्या गाडीनं ये. तुकड्यात जाऊन आले असते तर गाडी चुकली असती. मग काय, स्टेशनच्या बाकावर बसले आणि दहा मिनिटांचे पक्षी मनानं लिहून काढले. दिसले म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून सगळ्यांपुढे 'फक्त आवाज'. घाईत पावशाही लिहिला. महिना लक्षातच आला नाही. गोपाळ शेजारी विडी ओढत सगळं बघत होता. मी अकराला घरी पोचले, साडी नेसले, पोहे घेऊन बाहेर आले. समोर हे बसले होते.

त्या खोट्या तक्त्यात सगळ्यांत जास्त पक्षी होते, म्हणून पुढे रांगा वाढवताना चौथ्या तुकड्याला कुणी हात लावला नाही. तो अजून उभा आहे.

आता तुम्हीच बघा माझी अवस्था. पोरीनं माझा जुना कागद कुठून तरी मिळवून उतरवला, ह्याबद्दल मला शंका नव्हती. पण ते सिद्ध करायचं तर आधी माझंच खोटं सांगायला हवं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन माझ्या त्या मोजणीची फाईल काढली. धुळीनं माखलेली, आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकाही वाचकाचं नाव नाही. तरी माझं समाधान होईना. हल्लीच्या मुली मोबाईलवर फोटो काढतात, चिठ्ठीवर नाव कशाला लागतंय?

शेवटी तिला फोन केला. "चौथा तुकडा मला स्वतः ऐकायचाय. परवा पहाटे."

ती म्हणाली, "या की मॅडम. मलाही कुणीतरी बरोबर हवंच होतं तिथं."

हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही.

तिनं चुलतभावाची गाडी आणली होती, चालवत तीच होती. अळणावर ओलांडलं तेव्हा साडेपाच झाले होते. सागाच्या रांगा सुरू झाल्या आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना तेच झाड पुन्हा पुन्हा येऊ लागलं. लागवडीच्या फाटकापाशी एक झोपडी होती. दारात कांबळं पांघरून एक म्हातारा उभा.

"आलासा अक्का?" तो म्हणाला.

गोपाळ. राखणदार म्हणून तो तिथेच राहिला होता. मी ओळख दाखवायच्या आधीच त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "मी कुणाला सांगितलो न्हाई."

माझ्या मनात लगेच जुळलं. न सांगता कसा राहील हा? ह्यानंच पोरीला सांगितलं, दोघांनी मिळून हा घाट घातलाय. झाडात कुठेतरी स्पीकर लपवून ठेवायचा आणि म्हातारीला आवाज ऐकवायचे. पक्ष्यांचे आवाज मोबाईलमध्ये ढिगानं मिळतात. मी वेदश्रीला सरळ सांगितलं, "पिशवी, फोन, सगळं गाडीत ठेव. स्वेटरचे खिसे दाखव."

तिचा चेहरा उतरला, पण खिसे उलटे करून दाखवले. एक पेन्सिल आणि आल्याची वडी. मला तेव्हाही लाज वाटली नाही. गोपाळलाही बजावलं, "तू इथंच, मला दिसशील असा उभा राहा."

"मी आत जातच न्हाई की," तो म्हणाला. "अक्का, आत कुणी 'गोपाळअण्णा' म्हणून हाक मारलं तर तुमी ओ देऊ नगासा. ती मलाच हाक मारतीया."

"ती कोण?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याची थट्टा करत होते. मग कांबळं डोक्यावरून ओढून घेतलं.

सागाच्या पाचोळ्यातून चालताना पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. सागाच्या रांगांतही थोडीफार किलबिल होती, दोन बुलबुल भांडत होते, दूर एक टिटवी. चौथा तुकडा लांबूनच काळा दिसत होता. जांभूळ, हिरडा, ऐन, त्यांच्यावर चढलेले जाडजूड वेल. त्याच्या सावलीत पाऊल टाकलं आणि मागचा सगळा आवाज बंद झाला. दार लोटावं तसा. थंडी एकदम वाढली. आणि वास, अक्का... रानात ओल्या मातीचा वास असतो, कुजक्या पानांचा असतो. इथे ओल्या कागदाचा वास होता. पावसाळ्यात जुनं कपाट उघडल्यावर येतो तसला.

खुणेच्या झाडापाशी उभ्या राहिलो. मी घड्याळ बघितलं. सहा पन्नास.

पहिलं मिनिट. बुलबुल बोलला. वीस मीटरवर.

बुलबुल काय, कुठेही बोलतो, मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या मिनिटाला तांबटाचं टुक्, टुक्, टुक् सुरू झालं. पंधरा मीटर. मी जागा सोडली. मोजणीत हलायचं नसतं, पण मी मोजायला आलेच नव्हते, चोर पकडायला आले होते. आवाज एका ऐनाच्या खोडावरून येत होता. मी खोडापाशी गेले, वर बघितलं, दुर्बीण लावली. फांदी मोकळी होती. टुक्, टुक् अगदी डोक्यावर चाललेलं, आणि पान हलत नव्हतं. खोडाला हात लावून चारी बाजूंनी चाचपलं. तार नाही, डबा नाही, काही नाही.

सहाव्या मिनिटाला हळद्या. आठव्याला रानकोंबडा. मी वेदश्रीकडे बघितलं. ती डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. नंतर कळलं, ती रामरक्षा म्हणत होती.

नववं मिनिट.

चाळीस मीटरवर पावशा ओरडला. ऐन डिसेंबरात. पेरते व्हा, पेरते व्हा, चढत चढत फुटेपर्यंत.

अक्का, मी ते पक्षी बाकावर बसून मनानं लिहिले होते. गाडीची घंटा होत होती आणि मी आकडे भरत होते. ते पक्षी नव्हतेच कुठे. आणि ते माझ्या मिनिटाला, माझ्या अंतरावर बोलत होते. पोरीनं काही उतरवलं नव्हतं. तिनं इमानानं ऐकलं तेच लिहिलं होतं, आणि मी तिचे खिसे तपासले होते.

दहा मिनिटं संपली. त्यानंतर तिथे काहीच उरलं नाही. किडा नाही, वारा नाही. मी पुढे काही लिहिलंच नव्हतं ना.

वेदश्री माझ्या कानाशी पुटपुटली, "मॅडम... आता ती."

"कोण?"

"मी तक्त्यात लिहिलं नाही... पक्षी नाही ना ती..."

तीस-पस्तीस मीटरवरून, वेलांच्या मागून, एक बाई बोलली. तरुण आवाज, जरा वैतागलेला.

"गोपाळअण्णा, झालं. निघू या. मंडळी अकराला यायचीत."

स्वतःचा आवाज माणसाला पटकन ओळखता येत नाही. पण माझ्या आईचा आवाज मला ओळखता येतो, आणि तो अगदी तसा होता. माझ्या लहानपणी आई बोलायची तसा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. "गोपाळअण्णा, झालं. निघू या..." ह्या वेळी आवाजात रडू होतं.

सदतीस वर्षं, अक्का. मी कागदावर लिहिलं होतं की मी त्या पहाटे तिथे उभी होते. खाली सही केली होती. मग कुणाला तरी उभं राहावं लागलं.

मला तिची कणव आली, भीतीपेक्षा जास्त. आणि वेदश्रीला खरं सांगणंही भागच होतं. मी मोठ्यानं म्हणाले, त्या वेलांकडे बघून, "मी त्या दिवशी इथं आलेच नव्हते. तो तक्ता मी अळणावर स्टेशनवर बसून लिहिला. तो खोटा आहे."

वेदश्रीनं माझा दंड घट्ट धरला.

वेलांमागे पाचोळा वाजला. एक पाऊल. मग दुसरं. मग धावत, आमच्या अंगावरून गेल्यासारखं, अगदी जवळून. पापड मोडल्यासारखी पावलं उजेडाच्या दिशेनं गेली आणि सागाच्या रांगांत मिसळली. दिसलं काही नाही. ओल्या कागदाचा वास मात्र त्या क्षणी नाहीसा झाला.

आम्ही बाहेर आलो तर गोपाळ फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत होता.

"एक फुडं गेली की," तो म्हणाला. "लई घाईत हुती. मला वळखली बी न्हाई." आणि कांबळ्यानं डोळे पुसले.

परत येताना वेदश्रीला मी सगळं सांगितलं. तिला शब्द दिला की आजच अहवाल लिहिते, हिच्या नोंदी खऱ्या आहेत, मी स्वतः ऐकल्यात, जुना तक्ता खोटा होता आणि तो माझा गुन्हा आहे. पोर रडली. म्हणाली, "मॅडम, मला वाटत होतं मला वेड लागलंय." वाटेत टायर बसलं, दुरुस्तीत चार-पाच तास गेले. इथं मळमड्डीत घरी पोचायला दुपारचे दोन वाजले.

ह्यांनी दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "परत कुठं गेली होतीस ग? आत पडते म्हणालीस ना?"

"मी आत्ता येतेय अळणावरहून."

"अकराला तर आलीस की! पोहे खाल्लेस, माझ्याशी इतकं छान बोलत बसलीस. मग टेबलाशी बसून विद्यापीठाचं पत्र लिहिलंस. मी स्पीड पोस्टानं टाकून पण आलो."

"कसलं पत्र? काय लिहिलं होतं त्यात?"

"पाकीट बंद होतं, मी कशाला वाचू? पाठवणाऱ्याचं नाव बघून हसू आलं एवढंच. श्यामला कित्तूरकर! अग, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आणि अजून माहेरचं आडनाव?"

मी आतल्या खोलीत गेले. पलंगावरची चादर गुळगुळीत होती. उशीला ओल्या कागदाचा वास येत होता.

त्याच दुपारी मी माझा अहवाल लिहिला, खरा, आणि स्वतः पोस्टात टाकला. आधीचं पत्र माझं नाही, ते धरू नका, असंही लिहिलं. हे बघत होते. "दोन दोन पत्रं कशाला?" एवढंच म्हणाले. मी त्यांनाही सगळं सांगितलं, खोट्या तक्त्यापासून. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. आयुष्यभर मी लोकांकडे तशी बघत आले.

त्यानंतर ते बदलले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून अकराच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत बसू लागले. कुणी यायचंय का, विचारलं तर 'छे' म्हणायचे. मी बाजारातून आले की आत घ्यायच्या आधी काही तरी विचारायचे. आपल्या मधल्या भावाचं नाव काय, हुबळीला आपण कुठल्या गल्लीत राहत होतो. मी बरोबर सांगायची. ते मान हलवायचे, पण चेहरा सैल पडायचा नाही.

आणि आज दुपारी विद्यापीठाचं पत्र आलं. त्यांच्याकडे दोन अहवाल पोचलेत, एकमेकांच्या उलट. पहिल्यात लिहिलंय की चौथ्या तुकड्यातल्या नोंदी जुन्या तक्त्यावरून जशाच्या तशा उतरवल्या आहेत, आणि तो तक्ता खरा आहे, मी स्वतः तिथे हजर होते. दुसऱ्यात, म्हणजे माझ्यात, उलट. खरा कुठला ते ठरवायला त्यांनी दोन्ही सह्या फाईलमधल्या जुन्या तक्त्यावरच्या सहीशी ताडून पाहिल्या. पहिली तंतोतंत जुळली. माझी जुळली नाही, मी लग्नानंतरच्या नावानं सही करते ना. म्हणून दुसरा अहवाल बनावट ठरवलाय आणि वेदश्रीचा प्रबंध नाकारलाय.

मी तिला फोन केला. तिला आधीच कळलं होतं. ती ओरडली नाही, तेच वाईट. "माझ्यासमोर कबूल केलंत," ती म्हणाली, "आणि घरी जाऊन हे लिहिलंत? तुम्ही माझे खिसे तपासले होते, मॅडम. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं." फोन ठेवला. पाच वर्षं गेली त्या पोरीची, नोकरी गेली, आणि वर चोर ठरली. माझ्या हातून. माझ्या म्हणजे कुणाच्या, ते मला सांगता येत नाही.

ह्यांनी माझ्या हातातून विद्यापीठाचं पत्र घेतलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. सह्यांचा परिच्छेद दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवलं, आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीकडे हात करून, पाहुण्यांशी बोलतात तसं अगदी अदबीनं मला म्हणाले,

"बसा ना तुम्ही. श्यामला येईलच इतक्यात."